पहिला हँडी घ्यायचाय? आधी रिपीटर शोधा, मग रेडिओ

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी छंदाचं, लायसन्स हातात आलं की, किंवा खरं सांगायचं तर परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच, माणूस काय करतो तर मध्यरात्रीपर्यंत हँडीचे, म्हणजे हातात धरायच्या सेटचे, व्हिडिओ बघत बसतो. हा ५ वॅटचा, तो ८ वॅटचा, याला रंगीत स्क्रीन, त्याला जीपीएस, आणि शेवटी डोकं इतकं भंजाळतं की एकतर सगळ्यात स्वस्त तरी उचलतो नाहीतर सगळ्यात महाग तरी. मी पण तेच केलेलं. दोन्ही केलं, आधी एक आणि मग दुसरं.

तर हे त्याच्यासाठी लिहितोय ज्याला पहिला हातातला हॅम रेडिओ घ्यायचाय आणि सोबत काय काय लागेल ते एकदाच नीट समजून घ्यायचंय. माझं म्हणणं एकच आहे, की तुमचा पहिला हँडी कुठला असावा हे त्याच्या स्पेकशीटवर ठरत नाही, तुमच्या भागातल्या उंच जागेवर जो रिपीटर, म्हणजे तुमचा सिग्नल पकडून लगेच पुढे पाठवणारा सेट, बसलाय त्याच्यावर ठरतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

सगळ्यात आधी, म्हणजे पायरी शून्य

लायसन्स. ऐकायला काही देशांत लागत नाही, काही देशांत नुसता ट्रान्समिट करू शकणारा सेट जवळ ठेवायला पण परवाना लागतो, त्यामुळे आपल्याकडचा नियम खरेदीच्या आधी वाचा, नंतर नको. आणि बँड, म्हणजे हॅमना दिलेले फ्रिक्वेन्सीचे पट्टे, पण सगळीकडे सारखे नाहीत. आयटीयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, जगाचे तीन भाग पाडलेत, पहिल्या भागात (युरोप, आफ्रिका वगैरे) २ मीटरचा (हे नाव लहरीच्या लांबीवरून) हॅम बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात १४४ ते १४८, आणि त्यात परत प्रत्येक देश आपापली काटछाट करतो. ७० सेंटीमीटरचं पण तसंच, बऱ्याच ठिकाणी ४३० ते ४४०, अमेरिकेत ४२० पासून ४५०.

हे का सांगतोय, तर स्वस्त हँडी बहुतेक वेळा १३६ पासून १७४ आणि ४०० पासून ५२० मेगाहर्ट्झपर्यंत उघडेच येतात. म्हणजे रेडिओ तुम्हाला अडवत नाही. पोलिस, जहाजं, अँब्युलन्स, कुणाचीही फ्रिक्वेन्सी टाका आणि पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबा, तो बिनतक्रार ट्रान्समिट करेल. अडवायचं काम तुमचं तुम्हालाच करायचंय.

पायरी पहिली: हवेत काय चाललंय ते ऐका

रेडिओ घ्यायच्या आधी तीन गोष्टी शोधून कागदावर लिहा. जवळचे रिपीटर कुठले आणि कुठल्या बँडवर आहेत, ते साधे एफएम आहेत की डिजिटल, आणि त्यांच्यावर खरंच कुणी बोलतं का. ही तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत मिळत नाही. यादीत दहा रिपीटर असतात, त्यातले चार बंद पडलेले, तीन गप्प, आणि लोक बसतात एकाच ठिकाणी. जवळच्या क्लबात जाऊन विचारणं हा सगळ्यात सोपा मार्ग, बरेचदा कुणीतरी स्वतःचा हँडी दोन दिवस हातात देतं पण.

आता हा रिपीटर एवढा का महत्त्वाचा ते बघू. व्हीएचएफ-यूएचएफ, म्हणजे हेच २ मीटर आणि ७० सेंटीमीटरचे बँड, साधारण नजरेच्या रेषेत जातं, थोडंसं पुढे वाकतं. हिशोब सोपा आहे, अँटेना जमिनीपासून जितके मीटर वर आहे त्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, म्हणजे किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज आलं. तुम्ही उभे आहात, हँडी दीड मीटरवर आहे, क्षितिज आलं साधारण ५ किलोमीटर. समोरचा पण तसाच उभा, त्याचं ५. म्हणजे सपाट मोकळ्या जमिनीवर दोघांत फार तर १०, आणि मध्ये इमारती, झाडं, चढउतार आले की त्यातून कापत जा, गजबजलेल्या भागात दोन-तीन किलोमीटर मिळाले तरी खूश व्हायचं. आता तोच रिपीटरचा अँटेना आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर वर आहे असं धरा, त्याचं एकट्याचं क्षितिज ४१ किलोमीटर. त्यात तुमचे ५ मिळवा. म्हणजे जी उंची तुमच्याकडे नाहीये ती तुम्ही रिपीटरकडून उसनी घेताय.

बॉक्सवर "२० किलोमीटर रेंज" लिहिलेलं असतं ना, ते कुठल्या डोंगरावरून मोजलं तेवढंच विचारायचं.

आणि वॅटचं भूत इथेच उतरवून टाकू. सिग्नल मीटरवर एक एस-युनिट वाढायला ६ डेसिबल लागतात, म्हणजे चौपट पॉवर. ५ वॅटच्या जागी ८ वॅट घेतला तर वाढ होते फक्त २ डेसिबल, समोरच्याला कानाने फरक कळेल का तर जवळजवळ नाही, पण तुमची बॅटरी मात्र लवकर बसेल आणि हँडी हातात तापेल. १० वॅटचा हँडी म्हणून जे विकतात त्यांच्याबद्दल तर मीटर लावल्याशिवाय बोलूच नका.

पायरी दुसरी: बँड

हे पटकन संपवतो. २ मीटर आणि ७० सेंटीमीटर असा ड्युअल बँड घ्या. एकाच बँडवाला घेऊन थोडे पैसे वाचतात पण वर्षभरात पस्तावता. २२० मेगाहर्ट्झचा तिसरा बँड उत्तर-दक्षिण अमेरिकेच्या भागातच हॅमना आहे, बाकीच्यांना त्याचा उपयोग शून्य. आणि हँडीवरून दुसऱ्या खंडात थेट बोलायचं स्वप्न असेल तर तो विषय एचएफचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा आहे, तिथे वेगळा सेट आणि लांब वायर लागते.

पायरी तिसरी: एफएम की डिजिटल

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा थांबू.

डिजिटल आवाजाचे मुख्य तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. डी-स्टार, जो जपानच्या हॅम संघटनेने बनवला आणि मुख्यतः आयकॉमच्या रेडिओत येतो. सी४एफएम, याएसूचा. आणि डीएमआर, जो मुळात व्यावसायिक वॉकीटॉकीचा युरोपियन स्टँडर्ड आहे आणि हॅमनी उचलून घेतला. तुमच्या भागातला डिजिटल रिपीटर डीएमआर असेल आणि तुम्ही हौसेने डी-स्टारचा भारी हँडी आणला तर तुमच्याकडे एक महागडा एफएम रेडिओ आहे, बस. एफएम मात्र या सगळ्यांत असतंच, ते सगळ्यांची बोलीभाषा आहे.

डीएमआरला अजून एक गंमत, त्यात कोडप्लग नावाची फाइल बनवावी लागते. चॅनल, झोन, टॉकग्रुप, कलर कोड, टाइमस्लॉट, कॉन्टॅक्ट, हे सगळं एकमेकांत गुंफलेलं, एक जागा चुकली की रेडिओ ढिम्म. वर तुमचा स्वतःचा डीएमआर आयडी नंबर काढावा लागतो कॉलसाइन, म्हणजे लायसन्ससोबत मिळालेलं हवेतलं नाव, दाखवून. अवघड नाहीये, पण ज्याला अजून ऑफसेट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) म्हणजे काय हेच नवीन आहे त्याने पहिल्याच आठवड्यात हे डोक्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. पहिला हँडी साधा एफएम. सहा महिन्यांनी डिजिटल हवंच वाटलं तर तेव्हा तुम्हाला नक्की माहीत असेल कुठलं हवंय ते.

अपवाद एकच, तुमच्या भागात एफएम रिपीटर मेलाय आणि सगळी मंडळी एकाच डिजिटल मोडवर जमतात. मग सरळ त्याच मोडचा घ्या. म्हणूनच म्हटलं ना, आधी रिपीटर शोधा.

पायरी चौथी: रेडिओ

बाजारात ढोबळमानाने तीन थर आहेत.

खालचा थर म्हणजे बाओफेंग यूव्ही-५आर आणि त्याची असंख्य भावंडं, क्वानशेंग यूव्ही-के५ वगैरे. यूव्ही-५आर २०१२ च्या सुमाराला आला आणि हॅमच्या दुनियेत धुमाकूळ घातला कारण तोवर ड्युअल बँड हँडी एवढ्या कमी पैशात कुणी बघितलाच नव्हता. १२८ चॅनल, दोन सेलची ७.४ व्होल्ट बॅटरी, एफएम ब्रॉडकास्ट रेडिओ, आणि एक टॉर्च जी रेडिओपेक्षा जास्त वापरली जाते. यूव्ही-के५ ला यूएसबी-सीने चार्ज करता येतं आणि हौशी लोकांनी त्याच्यासाठी स्वतःचे फर्मवेअर लिहिलेत, म्हणजे छेडछाडीची आवड असेल तर मजा आहे.

एवढं स्वस्त कसं परवडतं? कारण आत जवळजवळ सगळा रेडिओ एका चिपमध्ये असतो. महागड्या सेटमध्ये सुपरहेट रिसीव्हर असतो, म्हणजे सिग्नल टप्प्याटप्प्याने खाली आणतात आणि प्रत्येक टप्प्यावर फिल्टर लावून आजूबाजूचा कचरा गाळतात. एका चिपवाल्यात ही गाळणी पुढच्या बाजूला फारच पातळ असते. शांत भागात फरक कळत पण नाही, पण जवळपास एफएम स्टेशनचा टॉवर किंवा पेजर-वायरलेसचा जोरदार ट्रान्समीटर असला की रिसीव्हर बहिरा होतो, रिपीटर समोर दिसतोय तरी ऐकू येत नाही. आणि गंमत म्हणजे अशा सेटला मोठा अँटेना लावला की प्रकरण अजून बिघडतं, कारण कचरा पण जास्त येतो ना आत. नवीन माणूस म्हणतो अँटेना खराब आहे. अँटेना बिचारा आपलं काम चोख करतोय.

दुसरी तक्रार हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी नकळत जाणाऱ्या सिग्नलची. १४५ च्या तिप्पट किती? ४३५. म्हणजे २ मीटरवर बोलताना तिसरा हार्मोनिक बरोबर आपल्याच ७० सेंटीमीटर बँडमध्ये पडतो, आणि आउटपुटचा फिल्टर ढिला असेल तर तिकडच्या माणसाला त्रास. सगळे स्वस्त सेट असे नसतात, एकाच मॉडेलचे दोन नग पण वेगवेगळे निघतात, तोच तर प्रॉब्लेम आहे. क्लबात कुणाकडे स्पेक्ट्रम अॅनालायझर असेल तर एकदा दाखवून घ्या.

मधला थर म्हणजे याएसू एफटी-६५ सारखे साधे, दणकट, एफएमवाले सेट. यातच जुना एफटी-६०. दोन दशकांपूर्वीचं डिझाइन, दिसायला ठोकळा, चार्जिंग रडतखडत, पण रिसीव्हर छान, आवाज खणखणीत आणि वर खऱ्याखुऱ्या फिरणाऱ्या दोन नॉब. वापरलेला, चांगल्या बॅटरीचा मिळाला तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन. म्हणजे डोळे झाकू नका, अँटेनाचा सॉकेट हलतोय का आणि पीटीटी घासलंय का तेवढं बघा.

वरचा थर, आयकॉम आयडी-५२, केनवूड टीएच-डी७५, एनीटोन एटी-डी८७८ वगैरे. डिजिटल, जीपीएस, एपीआरएस (आपली जागा आणि छोटे संदेश रेडिओवरून पाठवणं), ब्लूटूथ. सुंदर यंत्रं आहेत. पहिली म्हणून घेऊ नका. मी घेतलेला तसला एक, मॅन्युअलच्या जाडीकडे बघून तीन महिने कपाटात ठेवला, आणि बोलायला रोज तोच स्वस्तातला हँडी.

मग घ्यायचा कुठला? पैशाची अडचण नसेल तर मधल्या थरातला एक. अडचण असेल, किंवा छंद टिकेल का याचीच खात्री नसेल, तर खालच्या थरातला घ्या आणि लाजू नका, अर्धी दुनिया तिथूनच सुरू झालीये. फक्त त्याच्या मर्यादा माहीत असू द्या.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी, स्पेकशीटवर नसतात त्या: आवाज रहदारीत ऐकू येईल एवढा मोठा आणि स्वच्छ आहे का. व्हॉल्यूम नॉबने होतो की मेनूत जाऊन. उन्हात स्क्रीन वाचता येते का. फ्रिक्वेन्सी, ऑफसेट आणि टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) कॉम्प्युटरशिवाय बटणांनी टाकता येतो का, कारण प्रवासात दुसऱ्या गावचा रिपीटर पकडायचा झाला तर लॅपटॉप कुठे शोधणार. जास्तीची बॅटरी अजून दोन-तीन वर्षांनी मिळेल का. आणि "ड्युअल" या शब्दाला भुलू नका. ड्युअल वॉच म्हणजे एकच रिसीव्हर दोन चॅनलमध्ये उड्या मारतो, एकीकडे कुणी बोललं की दुसरीकडचं चुकतं. दोन खरे रिसीव्हर असलेला सेट वेगळा आणि महाग. पहिल्या हँडीला ड्युअल वॉच पुरतं.

पायरी पाचवी: अॅक्सेसरीज, आणि त्या पण क्रमाने

पहिला पैसा अँटेनावर. सोबत येतो तो रबर डक, म्हणजे चतुर्थांश वेव्हची लांबी (लहरीच्या लांबीचा पाव भाग) स्प्रिंगसारखी गुंडाळून बोटाएवढी केलेली. २ मीटरला पूर्ण चतुर्थांश वेव्ह साधारण ४९ सेंटीमीटर भरते, ती दहा-पंधरात कोंबली की फुकट काही मिळत नाही, सिग्नलचा बराच भाग तिथेच मरतो. ४० ते ५० सेंटीमीटरचा लवचिक व्हिप, म्हणजे छडीसारखा अँटेना, लावला की बऱ्याचदा जो रिपीटर खरखरत उघडत होता तो स्वच्छ उघडतो. नागोया एनए-७७१ हा या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध, आणि प्रसिद्ध असल्यामुळे नकली पण तोच सगळ्यात जास्त, तेव्हा विश्वासातल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

कनेक्टर बघून घ्या, परत सांगतो, कनेक्टर बघून घ्या. माझा पहिला अँटेना आला, उत्साहात बॉक्स फाडला, आणि बघतो तर सॉकेटला सॉकेट. स्वस्तातल्या बहुतेक हँडींवर एसएमए-मेल (एसएमए हा आट्यांचा छोटा कनेक्टर) असतो म्हणजे मधली पिन रेडिओवर, त्याला एसएमए-फिमेल अँटेना लागतो. याएसू वगैरेंवर बरोबर उलटं. वायफाय राउटरचा आरपी-एसएमए हा अजून तिसराच प्राणी, दिसतो सारखा, आटे पण बसतात, पण मधली पिन एकमेकांना भेटतच नाही आणि तुम्ही तसंच ट्रान्समिट केलं तर अँटेनाशिवाय केल्यासारखं.

दुसरं म्हणजे एसएमए हा रोज काढघाल करायला बनवलेला कनेक्टर नाहीये, साधारण ५०० वेळा जोडण्याचं आयुष्य धरतात. घरी छतावरचा अँटेना आणि बाहेर व्हिप अशी रोजची अदलाबदल करणार असाल तर एसएमए ते बीएनसी (ढकलून फिरवला की बसणारा कनेक्टर) अडॅप्टर एकदा बसवा आणि तो काढूच नका, पुढचं सगळं बीएनसीवर.

एक फुकटातली युक्ती. अँटेना हा जोडीतला अर्धाच भाग असतो, दुसरा अर्धा म्हणजे रेडिओची बॉडी आणि तुमचा हात, आणि ते दोन्ही त्या कामाला यथातथाच. म्हणून ४९ सेंटीमीटरची पातळ इन्सुलेटेड वायर घ्या, एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूला, म्हणजे ग्राउंडला, घट्ट लागेल असं अडकवा आणि बाकीची खाली लोंबकळू द्या. मधल्या पिनला लागता कामा नये. याला टायगर टेल म्हणतात. २ मीटरवर फरक ऐकू येतो. ७० सेंटीमीटरला तीच वायर तीन-चतुर्थांश वेव्ह होते, परत ते तिपटीचं गणित.

घरातून बोलायचं असेल तर गुंडाळी होणारा जे-पोल अँटेना, २ मीटरचा साधारण दीड मीटर लांब, खिडकीच्या वरच्या बाजूला किंवा झाडाला टांगा. गाडीत बसून हँडीवर बोलणं म्हणजे पत्र्याच्या डब्यातून हाक मारणं, त्यासाठी छतावर चुंबकाचा माउंट. पण केबलकडे लक्ष द्या, १० मीटर आरजी-५८ ही पातळ केबल टाकली तर ७० सेंटीमीटरवर अर्ध्याहून जास्त पॉवर केबलच खाते, आणि ऐकताना पण तेवढीच खाते. लांब केबल टाकायची तर जाड आणि चांगली, नाहीतर छोटी. आणि जाड केबल हँडीच्या एसएमएला थेट लोंबकळत ठेवू नका, सॉकेट उखडेल. मध्ये एक पातळ छोटी केबल जोडा.

दुसरा पैसा जास्तीच्या बॅटरीवर. बॅटरीचे जे तास जाहिरातीत लिहितात ते सहसा ५ टक्के ट्रान्समिट, ५ टक्के रिसीव्ह आणि ९० टक्के शांतता असं धरून असतात. गप्पिष्ट माणसाला तेवढे मिळत नाहीत. त्याच आकाराच्या बॅटरीवर अचानक दुप्पट एमएएच छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका, आकार तोच तर वीज कुठून येणार. लिथियम आहे, रात्रभर चार्जरवर टाकून झोपू नका, फुगलेली बॅटरी वापरू नका, महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून थंड जागी ठेवा. पेन्सिल सेलचा डबा मिळत असेल तर अडीअडचणीला बरा, फक्त साध्या अल्कलाइन सेलवर फुल पॉवर ओढू नका, लो पॉवरवर बोला.

तिसरा पैसा प्रोग्रॅमिंग केबलवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून रेडिओत चॅनल भरायच्या केबलवर, आणि इथे कंजूषी नको. मी एक अख्खा रविवार घालवलाय अशा केबलपायी, आत नकली चिप, कॉम्प्युटरचा ड्रायव्हर ती ओळखायलाच तयार नाही, आणि मी आपला रेडिओला शिव्या घालतोय. एफटीडीआय चिपवाली केबल घ्या, थोडी महाग पडते पण लावली की चालते.

यानंतर स्पीकर-माइक. रेडिओ कमरेला किंवा बॅगेत आणि माइक खांद्यावर, हे सोयीचं आहे, पण रेडिओ कमरेला गेला की अँटेना पण खाली आणि अंगाला चिकटून जातो, सिग्नल पडतो. ऐकायला ठीक, लांबच्या रिपीटरला उचलून हातात धरा. गर्दीत इअरपीस कामाला येतो.

काय घेऊ नका: अॅम्प्लिफायर, एक्स्ट्रा वॅटचे डबे, दहा अँटेनांचा सेट, आणि ते छापील सिग्नल बूस्टर स्टिकर. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेना रेडिओशी किती जुळलाय ते दाखवणारा, स्वतः अँटेना बनवायला लागाल तेव्हा घ्या. नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र आहे, त्यात ते काम आणि बरंच काही होतं.

पायरी सहावी: रेडिओ आला, आता भरायचा

बॅटरी पूर्ण चार्ज करा, आणि अँटेना लावल्याशिवाय पीटीटीला हात लावू नका, फायनल ट्रान्झिस्टरवर ताण येतो. मग चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवा, बरेच हँडी त्यात चालतात. सगळ्यात पहिलं काम, रेडिओतला आहे तो डेटा कॉम्प्युटरवर ओढून घ्या आणि त्या फाइलची कॉपी बाजूला ठेवा. काही बिघडलं तर परतीचा रस्ता तोच.

आता समजा रिपीटरचं आउटपुट १४५.६५० आहे, ऑफसेट मायनस ६०० किलोहर्ट्झ आणि टोन ८८.५. तर तुम्ही ऐकणार १४५.६५० वर आणि पीटीटी दाबलं की रेडिओ आपोआप १४५.०५० वर जाणार, सोबत ८८.५ हर्ट्झचा एक बारीक सूर पाठवणार जो रिपीटरसाठी दाराची कडी आहे. चर्पमध्ये फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात आउटपुट, डुप्लेक्समध्ये मायनस, ऑफसेटमध्ये ०.६००, टोन मोडमध्ये "टोन". टीएसक्यूएल निवडलात तर तुमचा रेडिओ पण टोन आल्याशिवाय तोंड उघडणार नाही, आणि रिपीटर टोन परत पाठवत नसेल तर तुम्ही तासभर शांतता ऐकत बसाल. सुरुवातीला "टोन"च ठेवा. ७० सेंटीमीटरवरचे ऑफसेट देशोदेशी वेगळे, कुठे ५ मेगाहर्ट्झ, कुठे ७.६, तेव्हा अंदाज मारू नका.

वाइड की नॅरो, म्हणजे सिग्नल रुंद की अरुंद, ते पण विचारून घ्या. रिपीटर वाइड आणि तुम्ही नॅरो, तर तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक जातो आणि लोक सारखे "माइकजवळ बोला" म्हणत राहतात.

मेनूत जाऊन चार गोष्टी लगेच करा. व्हॉक्स (आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट) बंद, नाहीतर तुमची खोली हवेत जाईल. रॉजर बीप (बोलणं संपलं की वाजणारी टिंग) बंद, फार चिडतात लोक. टाइमआउट टायमर चालू, म्हणजे पीटीटी सीटखाली दाबलं गेलं तरी रिपीटर तासभर अडकणार नाही. बटणांचा आवाज आणि मेनू वाचून दाखवणारी बाई, दोन्ही बंद.

पायरी सातवी: पहिलं बोलणं

आधी ऐका, चांगलं दोन मिनिटं. मग रेडिओ उभा धरा, अँटेना सरळ वर, कारण समोरचा अँटेना पण उभा आहे, आडवा केलात की सिग्नल बराच पडतो. तोंडापासून चार बोटं, माइकच्या जरा बाजूने बोला म्हणजे फुंकर लागत नाही. अँटेनाचं टोक डोळ्यापासून लांब ठेवा, आणि लो पॉवरवर काम होत असेल तर लो पॉवरच. पीटीटी दाबून अर्धा सेकंद थांबा, टोन ओळखून रिपीटर उघडायला तेवढा वेळ जातो, नाहीतर कॉलसाइनचं पहिलं अक्षर दर वेळी गिळलं जातं. मग कॉलसाइन आणि "ऐकतोय". एवढंच.

कुणी म्हणालं की आवाज तुटतोय, तर पॉवर वाढवायच्या आधी जागा हलवा, अर्धा-एक मीटर. भिंतींवरून परावर्तन होऊन सिग्नल जागोजागी एकमेकांना मारतो आणि २ मीटरवर दोन पावलांत चित्र पालटतं. खिडकीत जा, जिना चढा.

आणि एक गोष्ट पहिल्याच महिन्यात करून बघा, ट्रान्समिट न करता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हॅमचा रिपीटर आहे, खाली येतो ४३७.८०० वर. डोक्यावरून जाण्याच्या वेळा सांगणारी अॅप असतात. स्थानक इतक्या वेगात असतं की फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून पाच चॅनल भरून ठेवा, ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५ आणि .७९०, येताना पहिल्यापासून सुरू करा आणि जाताना शेवटच्यावर पोचा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा, लांब व्हिप लावा, मोकळ्या जागी उभं राहून अँटेना हळूहळू वाकडातिकडा करत बघा कुठे आवाज चढतो, कारण इथे उभंच धरायचा नियम चालत नाही. अख्खा पास दहा मिनिटांचा पण नसतो आणि त्यातली पहिली दोन चॅनल बदलण्याच्या गडबडीतच जातात. पुढे बोलायचं झालं तर अपलिंक, म्हणजे वर पाठवायचा सिग्नल, १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसकट, पण ते नंतर. पहिले दोन-तीन पास नुसते ऐका, एवढी गर्दी असते तिथे की मध्ये शिरायला कोपर लागतं.